घरासाठी करमुक्त रोखे : सवलत कोणाच्या पदरी?

सामान्य मनुष्याला स्वतःचे घर घेता यावे म्हणून सरकारने पैसा उभा करावयाचा, तर त्याचे दोन मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. एक, कर बसवून तिजोरीतून अनुदान द्यावयाचे. दुसरा, सरकारच्या नावावर कर्ज काढून ते पुढे करदात्यांच्या पैशातून फेडावयाचे. दोन्ही मार्गांत आकडे विधिमंडळापुढे येतात, विरोधी पक्ष प्रश्न विचारतो आणि वर्तमानपत्रांना त्यावर लिहिता येते. अमेरिकेतील घटकराज्यांनी गेल्या सहा दशकांत एक तिसरा मार्ग रूढ केला आहे. त्यात नवा कर बसत नाही, राज्याच्या कर्जखात्यावर रक्कम चढत नाही, आणि तरीही घर घेणाऱ्याला बाजारापेक्षा कमी व्याजाने कर्ज मिळते. हा मार्ग म्हणजे गृहकर्जासाठी काढलेले महसूल-रोखे.

आता अर्थशास्त्रात फुकट असे काही नसते. कर्ज स्वस्त झाले असेल तर त्या स्वस्ताईची किंमत कोणी तरी मोजतच असले पाहिजे. ती कोण मोजतो आणि मोजलेली सगळी रक्कम घर घेणाऱ्यापर्यंत पोहोचते काय, हे पाहणे उद्बोधक आहे. आणि ते केवळ परदेशातील एक नवलाई म्हणून नव्हे, कारण करमुक्त रोख्यांचा आणि अर्थसंकल्पाबाहेरील उसनवारीचा प्रयोग आपल्याकडेही गृहनिर्माणाच्याच नावाने होऊन गेला आहे.

प्रथम या रोख्यांची घडण समजून घेऊ. राज्याने स्थापलेली एक गृहवित्त संस्था रोखे विकते. त्यातून आलेला पैसा ती स्थानिक बँका आणि बचत-कर्ज संस्थांमार्फत घर घेणाऱ्यांना तीस-तीस वर्षांच्या मुदतीने देते. कर्जदारांचे मासिक हप्ते एका विश्वस्त बँकेकडे जमा होतात आणि ती बँक त्यातून रोखेधारकांना व्याज व मुद्दल चुकते करते. 'महसूल-रोखे' हे नाव पडले ते याचमुळे. रोख्यांची फेड केवळ या हप्त्यांच्या उत्पन्नातून व्हावयाची असते. हप्ते थकले तर रोखेधारकाने राज्याच्या तिजोरीकडे हक्काने बोट दाखवावयाचे नाही. त्याच्या समाधानासाठी कर्जांना विम्याचे कवच असते आणि एक राखीव निधी बाजूला काढून ठेवलेला असतो. उलटपक्षी, राज्याच्या पूर्ण पतीवर काढलेले रोखे फेडण्यासाठी राज्य गरज पडल्यास कर वाढविण्यास बांधलेले असते.

तेव्हा प्रश्न असा, की राज्याची हमी नसलेले रोखे लोक कमी व्याजावर का घेतात? याचे उत्तर प्राप्तिकरात आहे. १९१३ साली अमेरिकेत आजचा संघीय प्राप्तिकर सुरू झाला, तेव्हापासून राज्यांच्या व नगरपालिकांच्या रोख्यांवरील व्याज त्यातून वगळण्यात आले. ही सूट घटनादत्त आहे अशी पुष्कळ वर्षे समजूत होती. १९८८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने साउथ कॅरोलायना राज्याच्या खटल्यात ती मोडीत काढली व सूट ही केवळ कायदेमंडळाच्या मर्जीची बाब आहे असा निर्णय दिला. मर्जी मात्र टिकून राहिली. शाळा, रस्ते, जलवाहिन्या यांसाठी ठेवलेली ही सूट राज्यांनी खाजगी घरांच्या कर्जाकडे वळविली, आणि येथूनच या प्रकरणाला वेगळे वळण लागले.

पहिली महत्त्वाची पायरी न्यू यॉर्क राज्याने १९६० साली गृहवित्त संस्था स्थापून चढली. त्या राज्याच्या घटनेनुसार पूर्ण पतीवर कर्ज काढावयाचे तर मतदारांची संमती घ्यावी लागते, आणि घरबांधणीच्या कर्जाला मतदार वारंवार नकार देत होते. तेव्हा जॉन मिचेल या रोखे-विषयक वकिलाने एक तोड काढली. संस्थेचा राखीव निधी कमी पडल्यास तो भरून काढण्याची राज्यावर कायदेशीर नव्हे, तर 'नैतिक जबाबदारी' राहील, असे शब्द त्याने योजले. कायदेशीर जबाबदारी नाही म्हणून मतदारांना विचारावयास नको, आणि नैतिक जबाबदारी आहे म्हणून गुंतवणूकदार निश्चिंत! हेच मिचेल पुढे निक्सन यांच्या मंत्रिमंडळात महान्यायवादी झाले व वॉटरगेट प्रकरणी तुरुंगात गेले. नैतिक जबाबदारी या शब्दप्रयोगाच्या जनकाच्या नशिबी हे यावे, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा. विनोदाची दुसरी बाजू मात्र गंभीर होती. याच पद्धतीवर चाललेले न्यू यॉर्कचे नागरी विकास महामंडळ फेब्रुवारी १९७५ मध्ये सुमारे दहा कोटी डॉलरच्या अल्पमुदती रोख्यांची फेड करू शकले नाही. राज्याला अखेर धावून जावे लागले. ज्या मतदारांना विचारले नव्हते, त्यांच्याच पैशावर प्रकरण निभावले.

राज्यांच्या या प्रयत्नांत निदान भाड्याच्या घरांचा व कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचा विचार प्रमुख होता. १९७८ च्या जुलैत शिकागो नगराने दहा कोटी डॉलरचे रोखे काढले आणि चित्र पालटले. बाजारात गृहकर्जाचा दर दहा टक्क्यांच्या घरात असताना शिकागोने आठ टक्क्यांच्या आसपास कर्ज देऊ केले. अर्जदारांच्या रांगा लागल्या यात नवल नाही. नवल आहे ते उत्पन्नाच्या मर्यादेचे. वर्षाला चाळीस हजार डॉलरपर्यंत मिळविणारे कुटुंब त्यासाठी पात्र होते. त्या वर्षी अमेरिकन कुटुंबाचे मध्यम उत्पन्न साडेसतरा हजार डॉलरच्या आसपास होते. म्हणजे मध्यम उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक मिळविणाराही सवलतीचा धनी! इतर नगरांनी हे पाहिले आणि वर्षभरात जो तो रोखे काढू लागला. नगराध्यक्षाला हे का आवडू नये? स्वस्त कर्जाचे श्रेय त्याचे, आणि बुडालेल्या कराचा भार वॉशिंग्टनचा.

आता या बुडालेल्या कराचे गणित मांडू. सोयीसाठी गोळाबेरीज आकडे घेतो. करपात्र रोख्यांवर दहा टक्के व्याज मिळते असे समजा. पन्नास टक्के प्राप्तिकर भरणाऱ्या धनिकाच्या हाती त्यातले पाच राहतात. तीस टक्के भरणाऱ्या मध्यम प्राप्तीच्या गृहस्थाच्या हाती सात. करमुक्त रोखे केवळ धनिकांनीच घेतले असते, तर त्यांना पाच टक्क्यांहून थोडे अधिक व्याज देऊन भागले असते. पण सगळे रोखे खपावयाचे तर तीस टक्केवाल्यालाही ओढावे लागते, आणि तो सातपेक्षा कमी व्याजावर येत नाही. रोख्यांचा दर एकच असतो. म्हणून धनिकालाही सात टक्के द्यावे लागतात. धनिकाकडील शंभर डॉलरच्या रोख्यामागे सरकारी तिजोरी पाच डॉलर कर गमावते. त्यापैकी तीन डॉलर व्याजकपातीच्या रूपाने गृहवित्त संस्थेकडे जातात आणि दोन डॉलर धनिकाच्या खिशातच राहतात. संस्थेकडे गेलेल्या तिनांतूनही रोखे खपविणाऱ्या पेढ्या, वकील, विश्वस्त बँक, कर्जवाटप करणारी संस्था आणि राखीव निधी यांचा वाटा निघतो. तो एक डॉलर धरला, तर घर घेणाऱ्यापर्यंत पोहोचतात दोन. पाच डॉलरचे पाणी सोडले आणि शेताला मिळाले दोन. उरलेले पाटातच जिरले.

ही केवळ वर्गातील फळ्यावरची आकडेमोड नव्हे. अमेरिकन काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयाने १९८३ मध्ये आणि पुन्हा १९८८ मध्ये या रोख्यांची सविस्तर पाहणी केली. दुसऱ्या अहवालाचे शीर्षकच असे होते, की हे रोखे महागडे आहेत व गरजूंना त्यांचे साहाय्य अल्प आहे. साहाय्य मिळालेल्यांपैकी बहुतेकांना नेहमीच्या बाजारातील कर्जावरही घर घेता आले असते, असे त्यात दिसून आले. खरा गरीब या योजनेत येतच नव्हता. व्याज दोन टक्क्यांनी उतरले तरी हप्ता भरण्याइतके आणि सुरुवातीची रक्कम साठविण्याइतके उत्पन्न त्याच्यापाशी नव्हते.

शिकागोच्या प्रकारानंतर काँग्रेसने लगाम घातले हे खरे. डिसेंबर १९८० च्या कायद्याने कर्ज केवळ मागील तीन वर्षांत ज्यांचे स्वतःचे घर नव्हते अशांपुरते ठेवले, घराच्या किमतीला मर्यादा घातली आणि दर राज्याने किती रोखे काढावेत याची कमाल ठरवून दिली. १९८६ च्या करसुधारणेने खाजगी उपयोगाच्या सर्वच करमुक्त रोख्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात एक सामाईक कमाल मर्यादा लावली आणि कर्जदाराच्या उत्पन्नाची अट आणली : सामान्यतः त्या भागातील मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांपर्यंत. रोख्यांचा व्याजदर आणि कर्जाचा व्याजदर यांतील अंतर १.१२५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, हाही दंडक आहे. घर नऊ वर्षांच्या आत नफ्याने विकले व दरम्यान उत्पन्न बरेच वाढले असेल, तर सवलतीचा काही भाग परत वसूल करण्याची तरतूदही पुढे झाली. हे सर्व निर्बंध चांगलेच आहेत. पण त्यांनी पाटाला कुंपण घातले. गळती बुजविली नाही.

गळती बुजविण्याचा उपाय खुद्द काँग्रेसनेच १९८४ मध्ये सुचविला होता. रोखे काढण्याच्या हक्काचा काही भाग सोडून द्यावा आणि त्याऐवजी घर घेणाऱ्याच्या हाती प्रमाणपत्र द्यावे. ते दाखवून त्याने भरलेल्या व्याजाचा काही हिस्सा आपल्या प्राप्तिकरातून थेट वजा करून घ्यावा. मध्ये धनिक नाही, दलाल नाही. ही प्रमाणपत्रे आजही दिली जातात, परंतु रोख्यांची जागा ती घेऊ शकली नाहीत. याचे एक कारण प्रामाणिक आहे : ज्याला करच थोडा, त्याला प्रमाणपत्राचा उपयोगही थोडा. दुसरे कारण संस्थांच्या सोयीचे आहे. त्यांचा स्वतःचा कारभार चालतो तो रोखे आणि कर्जे यांच्या व्याजातील फरकावर. प्रमाणपत्रातून तसे उत्पन्न मिळत नाही. ज्या गाईचे दूध आपल्याला मिळते, तिला कोणी भाकड म्हणत नाही.

१९८० च्या कायद्यात एक-कुटुंबी घरांच्या रोख्यांना १९८३ अखेरची मुदत होती. ती संपली, १९८४ मध्ये योजना पुन्हा जिवंत झाली. पुढची मुदत १९८७ ची. मग आणखी एक, मग आणखी एक. प्रतिकूल अहवाल हाती असताना दर वेळी मुदतवाढ मिळत गेली आणि १९९३ मध्ये योजना कायमची झाली. याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवून पाहावे. १९६८ च्या गृहनिर्माण कायद्यातील कलम २३५ अन्वये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या गृहकर्जावरील व्याज संघीय तिजोरीतून थेट भागविले जात असे. काहींना प्रत्यक्षात एक टक्क्याइतकेच व्याज पडे. त्या योजनेतही गैरप्रकार झाले, निकृष्ट घरे गरिबांच्या गळ्यात मारली गेली. परंतु तिचा खर्च उघड होता, दरवर्षी अर्थसंकल्पात दिसत होता, आणि म्हणूनच जानेवारी १९७३ मध्ये निक्सन यांना तिला, इतर गृहसाहाय्य योजनांसह, एका घोषणेने स्थगिती देता आली. जे गरिबाला थेट मिळत होते ते एका दिवसात थांबले. जे वाटेत निम्मे जिरत होते ते कायम झाले.

याचे मर्म स्टॅन्ली सरी या अमेरिकन कोषागाराच्या अधिकाऱ्याने १९६७ सालीच ओळखले होते. सरकारने हातचा सोडलेला कर हा एक खर्चच होय, मग त्याची खर्च म्हणून नोंद का होऊ नये, असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यांच्या आग्रहातून पुढे १९७४ च्या कायद्याने अशा करमार्गी खर्चाची यादी अर्थसंकल्पाबरोबर देणे बंधनकारक झाले. परंतु यादीत छापले जाणे वेगळे आणि मतास टाकले जाणे वेगळे. अनुदानासाठी दरवर्षी हात वर व्हावे लागतात. करसवलतीसाठी कोणी हात वर केला नाही तरी ती चालूच राहते.

२००९ साली या व्यवस्थेचा एक विलक्षण उलगडा झाला. वित्तीय संकटात करमुक्त रोख्यांचे खाजगी ग्राहक जवळजवळ नाहीसे झाले, तेव्हा अमेरिकेच्या कोषागाराने फॅनी मे व फ्रेडी मॅक या संस्थांमार्फत राज्य गृहवित्त संस्थांच्या नव्या रोख्यांत सुमारे १,५०० कोटी डॉलर गुंतविले. वास्तविक कोषागार स्वतःच कर घेणारे. त्याला करमुक्तीचे काय अप्रूप? म्हणजे संघ सरकार राज्य संस्थांना सरळ कमी दराने कर्ज देत होते, आणि ते दिले जाऊ शकत होते. धनिकाच्या दारावरून जाणारी वाट टाळता येते, हे संकटाने दाखवून दिले. संकट सरताच वाट पूर्ववत सुरू झाली.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे, नाही तर अन्याय होईल. राज्य गृहवित्त संस्थांनी दिलेली कर्जे एकंदरीत जपून दिलेली असतात. ठरावीक व्याजाची, उत्पन्नाचे कागदपत्र तपासून दिलेली. २००७-०८ मध्ये खाजगी सावकारांच्या बेछूट कर्जांची जी वाताहत झाली, तशी यांची झाली नाही. शिवाय रोख्यांच्या सामाईक मर्यादेतील मोठा वाटा अलीकडे भाड्याच्या घरांकडे जातो आणि तेथे गरिबांसाठी घरे राखण्याच्या अटी अधिक कडक आहेत. जुलै २०२५ च्या करकायद्याने भाड्याच्या प्रकल्पांना दुसरी एक करसवलत मिळविण्यासाठी लागणारे करमुक्त रोख्यांचे प्रमाण ५० वरून २५ टक्क्यांवर आणले आहे. तितक्याच रोख्यांत अधिक प्रकल्प बसतील अशी त्यामागील अपेक्षा आहे. एक-कुटुंबी घरांच्या रोख्यांपेक्षा मला हा उपयोग निश्चित बरा वाटतो.

आता आपल्याकडे वळू. १९७० साली स्थापन झालेल्या हडकोने २०११-१२ ते २०१५-१६ या काळात केंद्राच्या परवानगीने करमुक्त रोख्यांची जाहीर विक्री केली. त्या वेळी आपले कराचे टप्पे १०, २० व ३० टक्क्यांचे होते. व्याज सर्वांना करमुक्त, म्हणजे दहा टक्केवाल्या शिक्षकाची बचत दहा आणि तीस टक्केवाल्या व्यापाऱ्याची तीस. किरकोळ गुंतवणूकदाराला किंचित अधिक व्याज देऊन हा विषमपणा थोडा सौम्य केला होता, एवढेच. पुढे ही मालिका थांबली. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेसाठी ६०,००० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नागरी गृहनिर्माण निधीला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. हा पैसा अर्थसंकल्पाबाहेर रोख्यांतून उभारावयाचा आणि फेड मात्र केंद्राने करावयाची, अशी ती योजना. न्यू यॉर्कच्या नैतिक जबाबदारीपेक्षा हे सरळ होते, कारण येथे जबाबदारी पूर्णपणे केंद्राची होती. पण वित्तीय तुटीच्या आकड्यात ती दिसत नव्हती. अशा अर्थसंकल्पबाह्य उसनवारीवर महालेखापरीक्षकांनी बोट ठेवले, आणि २०२१ च्या अर्थसंकल्पापासून केंद्राने ती आवरती घेतली.

याच आवास योजनेचा दुसरा भाग, कर्जाशी निगडित व्याज-अनुदानाचा, मला आदर्शाच्या अधिक जवळ वाटतो. त्यात कमाल २ लाख ६७ हजार रुपये कर्जदाराच्या खात्यात सुरुवातीलाच जमा होऊन मुद्दल तेवढे उतरत असे. किती दिले, कोणाला दिले, हे कोणालाही विचारता येत होते. मात्र मध्यम उत्पन्न गटासाठी हे अनुदान मार्च २०२१ अखेर आणि दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी मार्च २०२२ अखेर बंद झाले. नवी योजना आली ती सप्टेंबर २०२४ मध्ये, कमाल १ लाख ८० हजार रुपयांची आणि पाच वार्षिक हप्त्यांत मिळणारी. मधल्या अडीच वर्षांत ज्या कारकुनाने छोटे घर घेतले, त्याला असे अनुदान मिळाले नाही.

त्याच अडीच वर्षांत जुन्या करप्रणालीतील गृहकर्ज-व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट अखंड चालू होती. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील अधिकाऱ्याचे तीत उपकर सोडून वर्षाला ६०,००० रुपये वाचत होते, वीस टक्क्यांच्या टप्प्यातील प्राध्यापकाचे ४०,०००. ज्याचे उत्पन्न मुळातच कर लागण्याइतके नव्हते, त्या कारकुनाच्या वाट्याला तीतून एक रुपयाही येत नव्हता. आणि या वजावटीची मुदत संपत आली आहे काय, असे त्या काळात कोणत्याही सभागृहात कोणाला विचारावे लागले नाही.